चौथ्या पानावरचा डाग

मावशीचं अख्खं करियर एका जर्मन पत्रावर अडकलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी एका बाईनं आपल्या गुरूला लिहिलेलं. ही बाई मोठी विचारवंत होती, असं मावशी तीस वर्षं घसा फोडून सांगतेय. तिचे विभागप्रमुख तीस वर्षं एकच पालुपद लावतात, "अहो बाई, शेवटच्या पानावर तिनंच लिहिलंय ना, 'चुकलं माझं, विचार करणं माझं काम नाही'? मग?"

आज दुपारी मावशीचं रिटायर होण्याआधीचं शेवटचं भाषण. ती सकाळपासून लिहितेय, खोडतेय. आणि मी, शाळा सोडली म्हणून आईनं तिच्याकडे पिटाळलेली, पत्राच्या चार पानांचे फोटो बघत बसले होते. अक्षर एक कळेल तर शपथ. पण कोपऱ्यात पाण्याचा डाग होता. पहिल्या पानावर तळहाताएवढा, दुसऱ्यावर बोटभर, तिसऱ्यावर नखाएवढा. पाणी झिरपत गेलं की असंच होतं. मग चौथ्यावर परत जवळजवळ तळहाताएवढा कसा?

मी चौथा फोटो उचलून दुसऱ्याच्या आधी ठेवला.

"हात लावू नकोस गं! क्रम बिघडेल!"

"बिघडलेलाच आहे!" माझं डोकंच सटकलं. "डोळे आहेत ना तुला? डाग बघ!"

"अगं, पानांवर नंबर आहेत."

"ते पेन्सिलनं आहेत. तिनं शाईनं लिहिलंय. नंबर कुणी घातले?"

मावशीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. मग हळू आवाजात, "संग्रहालयातल्या कारकुनानं... नंतर." आता चौथ्याच्या मागे आलेल्या दुसऱ्या पानाची पहिली ओळ तिनं वाचली आणि ओरडलीच. "'हे तुम्हाला हवं तसं लिहून दाखवलं. आता माझं ऐका.' देवा! आम्हाला वाटायचं, हे पहिल्या पानावरच्या नमस्कार-चमत्काराबद्दल आहे!"

"म्हणजे माफी खोटी?"

"टोमणा होता गं टोमणा! आणि पुढची दोन पानं तिनं त्या गुरूला धू धू धुतलंय!" मावशीनं मला धरून गरागरा फिरवलं. साठीची बाई!

भाषणात तिनं पडद्यावर फक्त चार डाग दाखवले, नव्या क्रमानं. विभागप्रमुख उठले, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लागेपर्यंत जवळ गेले.

"म्हणजे पानं चुकीची लागली होती," ते म्हणाले, "आणि आपण तीस वर्षं भांडत बसलो?"

"भांडत तुम्ही होतात, सर. मी सांगत होते."

मी मागच्या रांगेतून सणसणीत शिट्टी मारली. शिपायानं डोळे वटारले. मी दुसरी मारली.