शेजारधर्म आणि मिलिंग मशीन

"ज्याला आपली बंदूक आपल्या हातांनी घडवता येते, त्याला या पृथ्वीतलावर कुणाचा बापही गुलाम करू शकत नाही!" गराजच्या मधोमध उभं राहून ऑर्व्हल ट्वेटने जाहीर केलं.

"मशीनवरची लोणच्याची बरणी घेऊन आत ये, जेवण गार होतंय," स्वयंपाकघरातून मार्लिसने जाहीर केलं. "आणि माझ्या झाकणाच्या मुठीचं काय झालं?"

स्वतंत्र पुरुष बरणी घेऊन मुकाट्याने आत गेला.

मोठ्या पातेल्याच्या झाकणाची मूठ ईस्टरला निखळली होती. तेव्हापासून चर्चच्या जेवणाला मार्लिस त्या भोकात बाटलीचं बूच खुपसून जायची. पण मशीन राष्ट्रकार्यात गुंतलेलं. दूध काढायच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यात चाळीस वर्षं घालवून ऑर्व्हल निवृत्त झाला होता आणि अकरा आठवडे खपून त्याने गराजमधल्या धातू कोरायच्या मिलिंग मशीनवर अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून रायफलचा सांगाडा कोरून काढला होता. नळी, दस्ता, चाप हे सगळं दुकानात खिळेमोळ्यांसारखं मिळतं. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तेवढा सांगाडाच. चर्चमध्ये तो आणायला पाद्रीबाईंनी मनाई केली, म्हणून ऑर्व्हलने त्याचे फोटो वाटले.

एक फोटो समोरच्या ड्वेन ह्रुस्काला मिळाला आणि तिथे घात झाला.

"मला पण एक कर की," ड्वेन म्हणाला. "ठोकळा माझा, बिअर माझी."

आता ड्वेनला नाही कसं म्हणायचं? नॉर्थ डकोटात माणसाची पारख बर्फात होते. एकतीस हिवाळे ड्वेनने ट्रॅक्टर लावून ऑर्व्हलच्या दारातलं बर्फ, न सांगता, पहाटेच ढकललं होतं. असा शेजारी दुखावला, तर जानेवारीपासून मार्चपर्यंत घरातच बसायचं. ऑर्व्हल घाबरून वकील पुतणीकडे, ब्रिटाकडे गेला.

"काका, स्वतःसाठी केलात, ठीक. दुसऱ्यासाठी केलात, की तुम्ही कारखानदार. परवाना आहे?"

"मी फुकट देणार गं."

"मग फुकट्या कारखानदार."

"बरं, बटण ड्वेन दाबेल. मी नुसता बाजूला उभा."

"तुमचं मशीन, तुमचं गराज, त्याचा ठोकळा? नको. अशाच बाजूला उभ्या राहिलेल्यांची प्रकरणं मी वाचलीयत. मशीन जप्त होईल."

"मग त्याने करायचं तरी कसं?"

"जसं तुम्ही केलंत तसं. आपल्या मशीनवर, आपल्या हातांनी."

ऑर्व्हल तेच शब्द घोळवत घरी आला. दारात मात्र त्याचा चेहरा उजळला. आपल्या मशीनवर! शनिवारी सहा माणसं, एक ट्रॅक्टर आणि ब्रिटाने लिहिलेलं बक्षीसपत्र, अशा थाटात मशीन रस्ता ओलांडून ड्वेनच्या गराजमध्ये गेलं. ड्वेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं कुणी कुणाला देत नाही रे," तो म्हणाला. मार्लिसने बूच लावलेल्या झाकणाचं पातेलं भरून खिमा-बटाट्याची हॉटडिश पाठवली.

ड्वेनच्या हिशोबात शिकताना एक ठोकळा वाया जाणार होता. त्याने तीन घालवले. ऑर्व्हल रोज खुर्ची टाकून समोर बसायचा, पण फुटपाथच्या अलीकडे, आणि हात खिशात. ब्रिटाने बजावलं होतं: कशालाही हात लावायचा नाही.

"डावीकडे घे! डावीकडे!" तो ओरडायचा.

"कुणाच्या डावीकडे?" ड्वेन ओरडायचा.

चौथा ठोकळा जमला. जरा तिरका होता, पण ड्वेनच्या नाकासारखा, म्हणजे घराण्याला शोभणारा. सगळ्या गल्लीने बिअर प्यायली.

ऑक्टोबरात ऑर्व्हल काखेत नवा ठोकळा मारून ड्वेनकडे गेला. सत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. या वेळी सांगाडा अगदी देखणा करायचा, असं त्याने मनात पक्कं केलं होतं.

"जरा मशीन लावतो रे," तो म्हणाला.

ड्वेनने हातातलं फडकं खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ही वकिली सवय त्याला पूर्वी नव्हती.

"ऑर्व्हल, मशीन कुणाचं?"

"तुझं. मीच दिलं."

"गराज कुणाचं?"

"ड्वेन, तू वेडा झालास काय?"

"ठोकळा कुणाचा?" ड्वेनने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ब्रिटाने लिहिलेलं बक्षीसपत्र चौकटीत लावलेलं होतं. "मी तिला परवाच विचारलं. सोड, बाबा. मशीन जप्त होईल. आणि मशीन गेलं, तर मी तुझ्या दारातलं बर्फ कोणत्या तोंडाने ढकलू?"

ऑर्व्हलने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षर पुतणीचंच होतं आणि कायदा अगदी त्यानेच आणलेला. रागवायला कुणीच उरलं नव्हतं. त्याने ठोकळा काखेत परत दाबला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"ड्वेन," तो खाली बघत म्हणाला, "झाकणाची मूठ तरी करून देशील का? मार्लिस ईस्टरपासून थांबलीय."