चंदनाचं मढं

हौशीराम धंद्यातून निवृत्त झाला तेव्हा त्याला ना शाल मिळाली, ना नारळ. बावीस वर्षं चंदनाची चोरटी वाहतूक केली, एकदाही सापडला नाही, आणि एवढ्या कर्तबगारीचा गावात साधा सत्कार नाही! आता तो बोरी बुद्रुकच्या घरात नातीचा पाळणा हलवायचा. सून वैजयंती पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून वनरक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास करायची. पुढं ती पहाटे मैदानावर पळायला जाऊ लागली, तेव्हा दोरी सासऱ्याच्या हातात आली. पोर पास झाली. चोराच्या घरात वनखात्याचा गणवेश आला, आणि त्याला इस्त्री करून खुंटीला टांगला तोही चोरानंच.

नोकरीला महिना होतो न होतो, तोच राकेश उगवला. हौशीरामचा जुना भागीदार पोपट, त्याचा हा मुलगा. बाप वारला, पोरगा हडपसरला वाढला. गॉगल डोक्यावर. डोळ्यांना ऊन लागलं तरी चालेल, टाळूला लागता कामा नये. त्यानं मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. चंदनाच्या ओंडक्यांवर पाय ठेवून, मिशीला पीळ देत उभा असलेला हौशीराम. जन्मभर चोरी लपवायची आणि तिचा फोटो मात्र हौसेनं काढून ठेवायचा, हे शहाणपण पोपटचं आणि त्याचंच.

"काका, एकच खेप. नायतर हा फोटो सुनबाईच्या साहेबाकडं. वनरक्षकाचा सासरा चंदनचोर! नोकरी अजून कच्चीच हाय ना तिची?"

"तुझा बाप असला नव्हता रं."

"बापाकडं मोबाईल नव्हता."

माल बोरीच्या शिवारात लपवलेला. तो आळेफाट्याला पोचवायचा. पण शिवारात शिरलेल्या बिबट्यापायी वनखात्याच्या गाड्या बांधाबांधावर फिरत होत्या. बिबट्या सापडो न सापडो, चोरांची मात्र लई पंचाईत झालेली.

हौशीरामनं पाळण्याला एक झोका दिला आणि म्हणाला, "मयत करू. तिरडी बांधायची, टेंपोत घालायची, भर दुपारी राजुरीवरनं न्यायची. मढ्याची झडती कोन घेतं?"

राकेश खूश झाला. इथली रीत त्याला कुठून ठाऊक असणार? या मुलखात परक्याचं मढंसुद्धा चौकशीशिवाय, हाराशिवाय आणि मुख्य म्हणजे भाषणाशिवाय गावातून पुढं जात नाही. टेंपो राजुरीच्या चौकात अडणार, पोरगं पकडलं जाणार आणि आपण तेव्हा घरी बसलेले असणार, असा हौशीरामचा बेत. पोरगं पकडलं की मोबाईलही फोटोसकट पकडला जाईल, एवढी बारीक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. निवृत्तीत डोक्याला गंज चढतो.

"पण काका, तुमी मढ्यापाशी बसायचं. सख्खा भाऊ म्हणून. रडता येतं ना?"

"येतं," हौशीराम म्हणाला. त्याला आत्ताच येत होतं.

मंगळवारी दुपारी टेंपो राजुरीत शिरला. चौकात भाजी विकणाऱ्या ठमाबाईनं हात आडवा केला. "कोन गेलं रं?"

"सावळेराम," टेंपो चालवणाऱ्या राकेशनं तोंडाला आलं ते नाव ठोकून दिलं.

"आरं माझ्या कर्मा! सावळेराम गेला?"

कुठला सावळेराम, हे कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाला आपापला एक सावळेराम आठवला. बायांनी पदर डोळ्याला लावले. माणसं टोप्या काढून उभी राहिली. आणि निवडणूक तोंडावर असल्यामुळं गोरखशेठ टेंपोच्या फळीवर चढले.

"सावळेरामभाऊ आयुष्यभर चंदनासारखे झिजले!"

"आन् वास बी येतोय बगा," ठमाबाईनं हात जोडले. "पुन्यवान मानूस!"

राकेशनं हॉर्न वाजवला. "मावशी, उशीर व्हतोय."

"मेलेल्याला कसली घाई रं? दोन थेंब पानी तर पाजू दे." ठमाबाई तांब्या आणि तुळशीचं पान घेऊन वर चढली आणि तिनं तोंडावरचं कापड सारलं. चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"आगं बया! तोंड कुटंय ह्याचं?"

राकेश दार उघडून शेजारच्या उसात पळाला. उसाच्या पलीकडं वनखात्याची माणसं पिंजरा लावत होती. पिंजरा बिबट्याचा, आला राकेश. त्याला बखोटीला धरून वनपाल मोहिनी मॅडम चौकात आल्या. त्यांच्या मागं वही घेऊन वैजयंती.

हौशीराम ओंडक्यांच्या उशाला बसलेलाच.

"मॅडम, ह्या बिचाऱ्याला काय ठाव नसंल," गोरखशेठ म्हणाले. माणूस जिवंत होता, म्हणजे मतदार होता.

"खोटं!" राकेश ओरडला. "सगळी आयडिया म्हाताऱ्याची! फोटो हाय माझ्याकडं!"

"वैजयंती, लिहून घे," मॅडम म्हणाल्या. "बाबा, नाव?"

वैजयंतीचं पेन जागच्या जागी थांबलं.

हौशीरामनं तिच्याकडं पाहिलंच नाही. "हौशीराम, बोरी बुद्रुक. आयडिया माझी, फोटोबी माझाच. बावीस वर्षं ह्योच धंदा केला. अन् ह्या बाईंना मी वळखत नाय."

उभा जन्म खोटं पचवलेला माणूस, पण हे एक खोटं काही त्याच्या घशाखालून नीट उतरेना.

वैजयंतीनं वही मिटली. "मॅडम, हे माझे सासरे आहेत. त्यांचं हे सगळं मला आत्ता कळतंय. पंचनामा तुम्ही लिहा."

गोरखशेठ भाषण अर्धवट टाकून फळीवरून खाली उतरले, हे राजुरीत पहिल्यांदाच घडलं.

मॅडमनी वही हातात घेतली. "बरं झालं तूच बोललीस. उद्या यांचा फोटो माझ्या टेबलावर आला असता, तर पहिली चौकशी तुझी लावावी लागली असती." मग राकेशकडं वळून म्हणाल्या, "आण रे तो मोबाईल. फोटो पुराव्यात जाईल. धमकीच्या कामाचा काही उरला नाही."

वैजयंती टेंपोपाशी आली. "मामा, उतरा. हात द्या."

बसून बसून त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. तिच्या खांद्याचा आधार घेत तो खाली उतरला. "वैजू, रागावलीस व्हय?"

"लई. घरी पोरीसमोर नाय बोलणार, पण बोलणार."

जीपपाशी तो अडखळला. पोलिसांना जन्मभर चुकवलेल्या माणसाला सरकारी गाडीत कुठं बसतात, तेही ठाऊक नव्हतं. "फुडं बसू का मागं?"

"आरोपी मागं बसतो," वैजयंती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.