सुरतेला न उघडलेला फोटो

फोनमधलं आपल्याला सगळं कळतं, असं ज्ञानेश्वर सर स्वतःच सांगत. दुसरं कोणी म्हणेपर्यंत वाट कोण बघणार? मेहरूण भागातल्या त्यांच्या घरी नवा फोन आला त्याच दिवशी त्यांनी एक व्हिडिओ बघून कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं. फोटो आता जुन्या जेपीजीत नाही, नव्या एचईआयसीत निघायचा. जागा कमी खातो आणि दिसतो झकास! शिवाय पाठवायचा तो डॉक्युमेंट करूनच, नाहीतर त्याचा पार चोथा होतो, हे त्यांचं स्टाफरूमपासून सासुरवाडीपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाला सगळी भावकी सोनगीरजवळच्या गावी जमली. सोमवारी विसर्जनाला निघताना भिकुबाईनं, म्हणजे सरांच्या मोठमायनं, त्यांना हाक मारली. थोरल्या काकाची ही बायको, लहानपणी सरांना हिनंच खांद्यावर खेळवलेलं. डोक्यावर पाट, पाटावर नथ घालून सजवलेलं कानबाईचं नारळ. पण गुडघे पार गेले होते. पुढच्या वर्षापासून पाट सुनेच्या डोक्यावर जाणार होता.

"ग्यानू, एक फोटू काढी दे," ती म्हणाली. "सुगंधाले दखाडनं शे."

सुगंधाबाई तिची धाकटी बहीण, आणि जाऊसुद्धा. दोघी एकाच घरात दिलेल्या. उभा जन्म दोघींनी आळीपाळीनं कानबाई डोक्यावर मिरवली. आता सुगंधाबाई मुलाकडे, छगनकडे, सुरतेला होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून अंथरुणातच. "बहिणीच्या डोक्यावरची शेवटची कानबाई तेवढी दाखवा, मग डोळे मिटले तरी चालतील," असं ती छगनला म्हणाली होती.

सरांनी फोटो काढला. एकच, पण काय फोटो! नथीतला मोतीसुद्धा मोजून घ्यावा. लगेच डॉक्युमेंट करून छगनला पाठवला.

"भाऊ, उघडत नाही," छगननं कळवलं.

"ते डबडं फेक आणि माणसाचा फोन घे," सरांनी उत्तर ठोकलं.

मग मोठमायचा फोन आला. भीत भीतच बोलली. "सुगंधा वाट दखी ऱ्हायनी, भो."

"मोठमाय, फोटो एक नंबर आहे. तुला त्यातलं कळायचं नाही."

"हा भो," म्हणून तिनं फोन ठेवला.

तो आठवडा असाच जाणार होता, पण दिपमालानं, सरांच्या बायकोनं, तो फोटो स्टेटसला ठेवायला मागितला. सरांनी तिलाही डॉक्युमेंट करूनच दिला. "अहो, माझ्याकडेही उघडत नाही," ती म्हणाली. "माझंही डबडंच का?" सर चिडून सेटिंगमध्ये शिरले आणि वाचता वाचता त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नव्या फॉरमॅटचा फोटो जुन्या फोनला वाचताच येत नाही. डॉक्युमेंट केला की तो जसाच्या तसा जातो. चारचौघांसारखा साधा पाठवला असता, तर आपोआप जेपीजी होऊन गेला असता. म्हणजे दोन्ही घोडचुका सरांच्याच, आणि त्याही मिरवून केलेल्या!

"मग पाठवा ना आता साधा," दिपमाला म्हणाली.

काम चुटकीचं होतं. पण छगनला लिहायचं काय? सरांनी दोन शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. रविवारी गावी जाऊ, फोनच्या कंपनीचंच काहीतरी बिघडलं होतं असं सांगू आणि तिथूनच पाठवू, असं त्यांनी ठरवलं. पडलो तरी नाक वर! तिकडे अंथरुणातली बाई दाराकडे कान लावून होती, आणि इकडे हे आपलं नाक सांभाळत बसले.

रविवारी सर गावात शिरले, तर मोठमायच्या अंगणात बायकांचा घोळका. मधोमध भर उन्हात मोठमाय उभी. तेच जरीचं लुगडं, आणि डोक्यावर रिकामा पाट. एक हात पाटाला, दुसरा गुडघ्यावर. समोर सून आपला साधा फोन धरून.

"काय वं बाई, परत नवरी व्हयनी का?" शेजारची धुरपदाबाई ओट्यावरून हसत होती.

सून सरांना हळूच म्हणाली, "सुरतेच्या काकू रोज रडतात. आत्याबाई म्हणाल्या, देवी तर गेली, तिची नक्कल करू नये. नुसता पाट तरी दाखवू."

"पन ग्यानू सरना फोटूले काय व्हयनं?" धुरपदाबाईनं विचारलं.

सरांच्या आधी मोठमायच बोलली. "त्याना काय दोस? मन्हीच मान हालनी व्हई."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं. कंपनीची सबब घशातच राहिली. त्यांनी खाली मान घालून फोन काढला आणि फोटो साधा पाठवला. मोठमायच्या डोक्यावरचा पाट उतरवून घेतला.

थोड्याच वेळात सुरतेहून फोन आला. सुनेनं स्पीकर लावला. सुगंधाबाईची जीभ जड झाली होती, पण आनंद लपत नव्हता.

"भिकू, दिसनी वं कानबाई! नथबी दिसनी! अन् तू तं म्हने, मान हालनी, फोटू बिघडना?"

मोठमाय चोरी पकडल्यासारखी ओशाळली. सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. सर पुढे झाले.

"काकू, मान नव्हती हलली. चूक माझी होती. मी छगनलाही उगाच..."

मोठमायनं झटकन पदर फोनवर दाबला.

"चूप बठ, येडा," ती कुजबुजली. "सूरतवालासले आयकू जाई. तू सर शे ना!"