माझ्या अंगावर रंधा फिरवला

“कुणाला विचारून तासलंत याला?” आईनं हातातली पिशवी माझ्यावर आपटली. “घरचंच टेबल हवं म्हणून गळ घातलीस. मग हे काय आणून ठेवलंयस?”

“आई, तेच आहे गं. जरा पॉलिश मारलंय,” मुलगा म्हणाला. तो सिनेमाचा दिग्दर्शक. दिवे बांधणारी माणसं छताकडे बघायला लागली, म्हणजे कान देऊन ऐकायला लागली.

ज्याच्यावरून जुंपलीय, तो मी. टेबल. आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

बंद पडलेल्या दुकानाच्या फळ्यांतून सुतारानं मला घडवलं. आई शिवणकाम करायची. “उंची माझ्या कमरेला येऊ दे. वाकून वाकून मरायचं नाही मला,” असं तिनं त्याला बजावलं होतं. त्यामुळे जेवायला मी जरा उंचच पडलो. एका टोकाला कापड, दुसऱ्या टोकाला ताटं. पोरं खुर्चीवर उशा रचून बसायची. खरकटा हात कापडाला लागला की धपाटा ठरलेला. मापासाठी तिनं माझ्या कडेला पितळी खिळे ठोकले होते. ते मी दागिन्यासारखे मिरवायचो.

बाप? तो माझ्यावर कोपर टेकून बसायचा आणि चहा थंड झाला म्हणायचा. बाकी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की एके दिवशी तो म्हणाला, “मशीन अडकतंय. दुरुस्त करून आणतो.” शिलाई मशीन खांद्यावर मारलं आणि गेला. आई इस्त्री करत होती. बराच वेळ झाला तशी ती कोपऱ्यापर्यंत बघायला गेली. इस्त्री माझ्यावरच राहिली. मी जळलो. बाप काही आला नाही, मशीनही आलं नाही.

मग ती हातानं शिवायला लागली. मशीनचं काम बोटांनी. रक्ताचा थेंब कापडावर पडू नये म्हणून बोट आधी माझ्यावर पुसायची. पोरांना सांगितलं, बाबा लांब कामाला गेलेत. आळीनं मात्र ठरवून टाकलं, बाईनं जिभेच्या पट्ट्यानं नवरा घालवला. हिनं एका शब्दानं खुलासा केला नाही. फक्त एकदा, बाप जाऊन बरेच महिने झाल्यावर, त्याचे उरलेले कपडे बॅगेत कोंबले आणि बॅग दाराबाहेर भिरकावली. मुलगा तेव्हा पहिलीत होता. त्याच्या डोळ्यांत ती उडणारी बॅग राहिली. तिच्यामागे बाप त्यानं नंतर मनानंच उभा केला.

आता त्याचा सिनेमा. मोडलेल्या घराचा. त्यात आई बॅग फेकते आणि बाप उंबऱ्यात केविलवाणा उभा. आईचं काम करणारी नटी सकाळपासून माझ्यावर डोकं टेकून रडण्याची तालीम करतेय. अहो, खरी आई एवढं रडत बसली असती तर पोरं उपाशी झोपली असती.

शूटिंगला आधी सुखाचे दिवस घ्यायचे होते. सुखाचे दिवस म्हणजे कोरं करकरीत टेबल, हे यांचं डोकं. खिळे उपटले, डाग तासला, रंधा फिरवला. दुःखाचे दिवस आले की रंगारी माझ्यावर खोटे डाग काढणार म्हणे. खऱ्याचं सोंग पाहिजे म्हणून खरं खरवडून काढणारी ही शहाणी माणसं. मला तोंड असतं तर चावलो असतो.

“इथं इस्त्रीचा डाग होता,” आई म्हणाली. “तुझा बाप गेला त्या दिवशीचा.”

“तू त्यांना घालवलंस त्या दिवशीचा.”

“तो माझं मशीन घेऊन पळाला, बाळा. मी बॅग फेकली तेव्हा बाहेर काळं कुत्रंसुद्धा नव्हतं.”

मुलानं मान झटकली. “खोटं. ताईसुद्धा सांगते, तूच घालवलंस.”

“त्याच समजापायी तिनं माझा उंबरा चढणं सोडलंय. आता हे पडद्यावर बघेल, म्हणजे माझ्या मयतालाही यायची नाही.”

माझं काय, उद्या मी गोदामात जाईन, परवा दुसऱ्या कुणाच्या खोट्या घरात. पण वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात असं डागाळलेलं टेबल असेल तर ते पुसायच्या आधी तिथं राबलेल्या बाईला एकदा विचारा. एवढं विचारायला जीभ झडत नाही.

“मग सांगितलं का नाहीस?” मुलगा ओरडलाच. “एवढी वर्षं तोंड शिवून का बसलीस?”

आईनं पिशवी उचलली.

“तुम्हाला बाप चांगला वाटावा म्हणून मी घरच्या घरी वाईट होऊन राहिले, आता तिकीट लावून वाईट व्हायचं नाही मला.”