मास्तरांना विचारलं का?

मी खुर्ची बोलतेय. सिंहासन वगैरे नव्हे; कॅन्सरच्या दवाखान्यातली, निळ्या रेक्झिनची. माणसं माझ्यावर पाठ टेकतात, त्यामुळे कुणाची थरथर आणि कुणाची ऐट, दोन्ही मला लगेच कळतात.

कारखान्यातून आले ती तपासणीच्या खोलीत, पेशंटच्या बाजूला. तिथे एकदा पोहण्याचे मास्तर माझ्यावर बसले. सत्तरी उलटलेली, खांदे अजून रुंद. लघवीतून रक्त जात होतं, तपासणीत मूत्राशयात खोल रुतलेली गाठ निघाली होती.

मोठे सर्जन म्हणाले, "मूत्राशय काढावं लागेल. मग लघवीसाठी पोटावर पिशवी."

मास्तरांनी एकच विचारलं, "पाण्यात उतरता येईल?"

"ते पुढचं पुढे. आधी मीटिंगमध्ये ठरू दे," म्हणत सर्जनांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवलीसुद्धा.

त्याच आठवड्यात मीटिंगच्या खोलीतली एक खुर्ची मोडली आणि मला तिकडे ढकलत नेलं. केवढी बढती! शस्त्रक्रियेचे, किरणोपचारांचे, औषधांचे, तपासण्यांचे असे सगळे डॉक्टर एकत्र बसून एकेका माणसाचा उपचार ठरवणार. मला वाटलं, शहाण्यांची पंगत! कसलं काय! एक जण बिस्किटं शोधत होते, दुसरे मोबाइलवर फ्लॅट बघत होते. पेशंटला तर नावच नव्हतं. "चला, पुढचं मूत्राशय!" असा पुकारा झाला.

ते आमचे मास्तर.

सर्जन माझ्यावर रेलले. "काढायचं. चर्चा कसली?"

किरणोपचाराच्या डॉक्टरीणबाई उसळल्या, "का म्हणून? गाठ एकच आहे, आतून खरवडून झालीय. किरणं आणि औषधं देऊन मूत्राशय वाचवता येईल."

"आणि पुन्हा उगवली तर?"

"तेव्हा काढा की!"

मग जुंपली. दोघांचंही म्हणणं खरं होतं. दोन्ही रस्ते मास्तरांना चालण्यासारखे होते. पण भांडण मास्तरांसाठी चाललंच नव्हतं. कुणाचं खातं मोठं, यासाठी चाललं होतं.

शेवटी बाईच थबकल्या. "यांना दोन्ही रस्ते कुणी सांगितलेत का?"

सगळ्यांना एकदम छत बघावंसं वाटू लागलं.

बाईंनी तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. दोन्ही उपाय समजावले, धोकेही सांगितले. मास्तरांनी पुन्हा पाण्याचंच विचारलं.

"जखम भरली की येईल. पिशवी लावून पोहणारे आहेत."

"मग काढाच. माझ्या बायकोला दिसत नाही हो. ऑपरेशनपुरती मेहुणी येऊन राहील. पण किरणांसाठी महिना-दीड महिना रोज यायचं, तर हिच्याजवळ कोण?"

बाईंनी कागद पुढे ओढला. मग स्वतःच्याच हाताने त्यांनी 'शस्त्रक्रिया' लिहिलं. सर्जनांनी छाती फुगवली. "मी काय म्हणत होतो?"

अहो, तुम्ही म्हणत होता म्हणून नव्हे! पण खुर्चीचं कोण ऐकतं?

त्यानंतरच्या मूत्रपिंडाला कुणी फोन केला नाही. बाईंनीही नाही.

आता माझा एक हात निखळलाय आणि मला बाहेर व्हरांड्यात टाकलंय. परवा मास्तर तपासणीला आले, माझ्यावरच टेकले. केस ओले, अंगाला तलावाच्या पाण्याचा वास. शेजारच्या बाकावर बायको. समोरून सर्जन गेले. मास्तर अर्धवट उठले, नमस्कार केला. सर्जनांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. पोट उघडं असतं तर कदाचित ओळखलं असतं.

"अहो, कोण गेलं?" बायकोने विचारलं.

"आपले डॉक्टर."

"बोलले नाहीत ते?"

"घाईत असतील. पण हात सोन्याचा आहे हो त्यांचा."

मास्तर भला माणूस. मी तेवढी भली नाही. मला भंगारात काढायचं तेव्हा खुशाल काढा. पण त्या खोलीतल्या शहाण्यांनो, जाता जाता एवढं सांगते: ज्याच्यावरून तुम्ही भांडता, तो पेशंट अजून जिवंत असतो. विचारलंत तर बोलतो.