विजेची मोटार आणि गाडीचं चाक

जव्हारात माझी भात सडायची गिरणी आहे. गिरणीच्या इंजिनावर मी वीज तयार करणारा एक डायनामो बसवला होता, तो फक्त माझ्या मोटारीची बॅटरी भरण्यासाठी. मोटार विजेवर चालणारी. अनसूयेला, म्हणजे माझ्या बायकोला, बैलगाडीचे हादरे सोसेनासे झाले होते आणि पेट्रोलच्या वासाने तिला उलटी व्हायची. म्हणून मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून ही जुनी मोटार घेतली. ती आवाज करत नसे. अनसूया शेजारी बसून रस्त्यातल्या माणसांना हाका मारत जायची. मोटार जवळ आल्याचं लोकांना तिच्या हाकांवरूनच कळायचं.

ज्येष्ठात अनसूया गेली. मोटार राहिली.

मोटार देताना त्या गृहस्थाने बजावलं होतं, बॅटरी कधी रिकामी ठेवू नका. मोटार नुसती उभी असली तरी वीज कमी होत जाते. बॅटरी रिकामी राहिली की आतले पत्रे मरतात, मग कितीही भरा, ते वीज धरत नाहीत. म्हणून अनसूयेनंतर मी कुठे गेलो नाही, तरी वीज भरत राहिलो. तिच्यासाठी शेवटी मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोटारीसाठी एवढं तरी करता येत होतं.

श्रावणात इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, चिरला. नवा मुंबईहून यायचा, आणि घाटात दरड पडलेली. मोटारीतला, किती वीज उरली ते दाखवणारा काटा रोज थोडा खाली येऊ लागला. मी सकाळी बघायचो, दुपारी बघायचो. बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

पोशेरा गावचा बारक्या भात सडायला घेऊन आला आणि गिरणी बंद बघून माझ्याजवळ टेकला. मी त्याला सगळं सांगितलं.

"इंजिन नाय तं हातान फिरव," तो म्हणाला. "फिरायलाच पायजे ना?"

मी त्याला डायनामो दाखवला. दुसऱ्या दिवशी तो गावातल्या माघ्याला, लक्ष्याला आणि आपल्या बायकोला, पोशीला, घेऊन आला. बैलगाडीचं एक चाक त्यांनी खांबाला बसवलं, त्याला लाकडी मूठ ठोकली, पट्टा घसरू नये म्हणून धावेला, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्टीला, राळ फासली आणि चाकावरून डायनामोला पट्टा घातला. मग आळीपाळीने फिरवू लागले.

"घरी जात्याला हात लावीत नाय," पोशी बारक्याला म्हणाली, "आन शेटची गाडी दळाय आला!"

"तू गप. दमलो नाय अजून."

चाकाने वेग घेतला तसा मी खटका दाबून बॅटरी जोडली. मूठ एकदम हलकी झाली. बारक्याने हात काढला. चाक फिरतच राहिलं.

"शेट, आपलाआपण फिरतं!"

"देव आला त्यात," माघ्या म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. डायनामोवरचा काटा जोरात हलला होता. वीज भरताना जातो त्याच्या उलट बाजूला गेला होता, पण इतक्या दिवसांनी हलला यातच मला सगळं आलं. मी सगळ्यांना चहा करून दिला. चाक फिरत होतं, आम्ही चहा पीत होतो.

संध्याकाळ झाली. यांच्या कष्टाचं काही दिसावं म्हणून मी मोटारीचा दिवा लावला. तो तांबडा झाला, विडीच्या टोकाएवढा, आणि विझला. मागोमाग चाक मंद झालं आणि थांबलं.

तेव्हा मला कळलं. चाक मोटारीला वीज देत नव्हतं. मोटारच डायनामोतून चाक फिरवत होती. होती नव्हती ती वीज त्यात गेली होती. मी खटका बंद केला. आता तो बंद असला काय आणि चालू असला काय!

"काय झाला, शेट?"

मी सांगायला लागलो, पण दिवसभर राबलेल्या माणसांना ते सांगवेना. "मेली," एवढंच म्हणालो.

"मरायला ती काय माणूस हाय?" लक्ष्या म्हणाला. "तू बस. आम्ही ढकलतो."

मी नको म्हणालो, पण त्यांनी मला धरून मोटारीत बसवलं आणि चौघांनी मागून जोर लावला. मोटार गिरणीच्या दारातून रस्त्यावर आली. नेहमीसारखीच, आवाज न करता.

"शेट, कुठं नेवाचा तुला?" मागून पोशीने विचारलं.

मला एकही जागा सुचली नाही. मग त्यांनीच ठरवलं आणि मोटार गावाबाहेर, लोक हवा खायला जातात त्या शिरपामाळाच्या रस्त्याला लावली.