सुई आणि सशाचे कान

घड्याळे दुरुस्त करण्यात उभे आयुष्य वेचलेल्या मामंजींनी दुकानाची किल्ली मुलाच्या हाती दिली, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानी आले की रिकामे बसणे ही मोठी अवघड विद्या असून या वयात ती आपल्याला साधणार नाही. घरात सूनबाई शिवणाची कामे करीत असे. केसांना बांधायचे पट्टे, चष्म्यासाठी मऊ पिशव्या, तान्ह्या मुलांच्या टोप्या असा तिचा व्याप खिडकीलगतच्या लांब मेजाच्या उजव्या टोकाला पसरलेला असे. एके सकाळी मामंजी आपला चिमटा, डोळ्याला लावायचे भिंग आणि काचमण्यांची पुडी घेऊन डाव्या टोकाला येऊन बसले, ते तिथलेच झाले. ज्या बोटांनी केसाहून बारीक स्प्रिंगा जागी बसवल्या, त्यांना मणी ओवणे म्हणजे हातचा मळ. वर्षभरात त्यांच्या माळा सूनबाईच्या पिशव्यांइतक्याच खपू लागल्या.

"जन्मभर दुसऱ्यांची मनगटं सांभाळलीत," सासूबाई म्हणत, "आता गळे सांभाळा."

मामंजींनी येताना आपल्या धंद्याची शिस्तही सोबत आणली होती. मेजावरून उठण्यापूर्वी प्रत्येक सुई आपल्या गादीत परत गेली पाहिजे, हा त्यांचा दंडक. शिवणे हे कर्म असेल, तर सुई जागच्या जागी ठेवणे हे त्या कर्माचे उत्तरांग; त्यावाचून ते पुरे झाले असे त्यांच्या लेखी होत नसे. सूनबाईला प्रथम याचे हसू आले होते. पुढे तो दंडक तिच्याही हाताच्या वळणी पडला, आणि सुया टोचून झाल्याशिवाय तिला खुर्चीतून उठवेनासे झाले.

त्या दिवशी मात्र समोरच्या इमारतीतल्या बेकरीवाल्या मावशी धापा टाकीत दारात उभ्या राहिल्या. त्यांनी नातीसाठी सशाचे कान असलेली टोपी सांगितली होती आणि स्वतःसाठी निळ्या मण्यांची माळ. पीठ मळून मळून त्यांची बोटे आखडली होती. माळेचा आकडा त्यांना लावता येत नसे. म्हणून मामंजींनी त्यांच्या माळेला लोहचुंबकाची कडी बसवली होती. दोन्ही टोके जवळ आणली की आपोआप जुळावीत.

"झाली का गं टोपी? फोटोवाला येऊन बसलाय. चहा पिऊन झाला त्याचा, आता नुसता भिंतीकडे बघतोय."

"एक कान मिटायचा राहिलाय, मावशी. बसा ना."

"बसले तर उठवायला माणूस लागेल. तू शीव."

"पोरीला स्वतःचे दोन कान आहेत की," सासूबाई आतून म्हणाल्या. "आणखी दोन कशाला?"

"त्या दोघांनी ती कुणाचं ऐकत नाही ना, म्हणून!"

हसत हसतच सूनबाईने दुसऱ्या कानात कापूस दाबला, कडा मिटल्या, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि टोपी मावशींच्या हाती ठेवली. मावशींनी सुयांच्या गादीशेजारच्या खोक्यातली माळ उचलून तिथेच गळ्यात घातली; मानेमागे टक् असा आवाज झाला आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. सूनबाई त्यांना जिन्यापर्यंत पोचवून परत आली, खुर्चीत बसली, आणि सवयीने तिची नजर सुयांच्या गादीकडे गेली.

बारीक सुई गादीत नव्हती.

तिने मांडीवरचे कापड झटकले. मेजाखाली पाहिले. पदर पाहिला, बाह्या पाहिल्या. मग मामंजींनी मान वर केली.

"काय हरवलं?"

"बारीक सुई, मामंजी."

"कोणतं काम करत होतीस तिनं?"

सूनबाईची नजर उरलेल्या कापसाकडे गेली. मामंजी भिंग डोळ्याला लावून जमिनीवर उकिडवे बसले. सासूबाईंनी केरसुणी आणली, खोलीचा केर एका कागदावर गोळा केला आणि त्यातली चिंधी न् चिंधी बोटांनी चिवडली. मणी निघाले, दोऱ्याचे तुकडे निघाले, कधीचे हरवलेले एक बटण निघाले. सुई निघाली नाही. मग जे दोघांच्या ओठांवर येऊन थांबले होते ते सासूबाईंनीच उच्चारले.

"कानात तर नाही ना राहिली?"

सूनबाई आठवू लागली. कापूस दाबताना सुई आपण कुठे टोचून ठेवली होती? कडेला? कापसात? हात इतक्या वेळा हे काम करीत आले होते की मनाने त्याची दखल घेणेच सोडले होते. तिच्या डोळ्यांपुढे ते इवलेसे, अजून टाळू न भरलेले डोके उभे राहिले.

फोन लावला. तो वाजत राहिला. बेकरीच्या गडबडीत मावशींचा फोन कुठल्या डब्याआड पडलेला असे ते मावशींनाही ठाऊक नसे.

"चल," मामंजी म्हणाले. त्यांनी सुयांच्या गादीशेजारच्या खोक्यातून चुंबकाची एक कडी उचलली आणि खिशात टाकली. "लोखंड आत असेल तर ही सांगेल. चप्पल घाल आधी, अनवाणी निघालीस."

रस्ता अरुंदच होता, पण त्या दिवशी तो ओलांडता संपेना. समोरच्या इमारतीच्या जिन्यात पाऊल ठेवले आणि वरून बाळाचे रडणे ऐकू आले. साधी कुरकुर नव्हे, टाहो. सूनबाई पायऱ्या गाळीत वर धावली. मामंजी कठड्याला धरून मागून येत होते. "पडशील गं!" असे ते म्हणाले खरे, पण त्यांचाही आवाज जागेवर नव्हता.

दार उघडेच होते. खोलीच्या मध्यभागी मावशींची लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, फोटोवाला एक खुळखुळा हलवीत होता, आणि सशाचे दोन कान ताठ उभारून बाळ लालबुंद होऊन रडत होते. सूनबाई कुणाला काही न विचारता पुढे झाली आणि तिने टोपी बाळाच्या डोक्यावरून काढून घेतली.

"अहो, हे काय!" लेक दचकली.

"माझी सुई हरवलीय. कानात असेल. बाळाचं डोकं बघा आधी, कुठं टोचलंय का."

फोटोवाल्याचा खुळखुळा थांबला. बाळदेखील क्षणभर थांबले. लेकीने बाळाचे डोके, कपाळ, कानांमागची कातडी चाचपली. कुठे ओरखडा नव्हता, टिपका नव्हता. डोके मोकळे झाल्याबरोबर बाळाचा राग निम्मा ओसरला. मावशींनी त्याला उचलून खांद्यावर टाकले आणि उरलेला रागही गेला.

"टोपीच नको होती बाईसाहेबांना," फोटोवाला पुटपुटला.

मामंजींनी कडी खिशातून काढली आणि एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तशी ती टोपीच्या कानांवरून सावकाश फिरवली. उजवा कान, डावा कान, कडा, तळ. कडी कुठेही ओढली गेली नाही. तेवढ्याने सूनबाईचे समाधान होईना. तिने कात्री मागून घेतली, स्वतःच्याच हातचे टाके उसवले आणि कापूस बोटांनी पिंजून पिंजून पाहिला. कापूस होता, कापसाखेरीज काही नव्हते.

तिने श्वास सोडला, पण पुरता नाही. कानांत नसेल, तर सुई गेली कुठे?

मामंजी कडी पुन्हा खिशात ठेवू लागले, आणि तेवढ्यात सूनबाईने त्यांचा हात धरला. कडीच्या पाठीला एक टाचणी चिकटलेली होती.

"मामंजी, ही कुठली?"

"आपल्याच घरची असणार. खोक्यातून कडी काढली तेव्हा तुझ्या गादीतली ओढली गेली असेल."

दोघांच्या मनात तो विचार एकाच वेळी आला. दोघांनी एकाच वेळी मावशींकडे पाहिले. बाळाने गाल मावशींच्या मानेशी टेकवला होता आणि ते निळ्या मण्यांकडे हात नेत होते.

"मावशी," सूनबाई शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "हलू नका. अजिबात हलू नका."

"अगं, झालं काय?"

सूनबाईने आपला तळवा बाळाचा गाल आणि मावशींची मान यांच्यामध्ये सरकवला, आणि दुसऱ्या हाताने मावशींचा अंबाडा वर उचलला. कडीला बिलगून, जणू मामंजींनी मुद्दाम घडवलेला एखादा चांदीचा काटा असावा अशी, सुई निवांत पडली होती. तिचे नेढे मण्यांत गेले होते आणि टोक वर, अंबाड्याच्या केसांत रुतले होते. बाळाच्या गालापासून ते दूर होते. सूनबाईने चिमटीत धरून ती सोडवली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"तरीच!" मावशी मान चोळीत म्हणाल्या. "घरी आल्यापासून मानेला काहीतरी टोचत होतं. म्हटलं बोलायचं नाही. ही लगेच म्हणणार, आई, या वयात हौस कशाला."

"आई, अगं सुई होती ती!"

"असू दे. निघाली ना!"

मग सगळेच एकदम बोलू लागले, हसू लागले. लेकीने डोळे पुसले आणि बाळाचे मुके घेतले. मामंजी मात्र खुर्चीवर बसून टाचणीकडे पाहत राहिले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "चूक माझी. चुंबक म्हणजे घड्याळाचा वैरी. जन्मभर मी तो मेजावर येऊ दिला नाही. आता कड्यांसाठी आणावा लागला, तर खोकं माझ्या टोकापासून लांब ठेवलं, माझ्या घड्याळाला बाधा नको म्हणून. लांब म्हणजे तुझ्याकडे. माळ पुरी झाली की तीही नेमानं तिथंच ठेवायचो. तुझ्या सुया लोखंडाच्याच असतात, हे डोक्यातच आलं नाही."

"पण दंडक मी मोडला ना. सुई न टोचताच उठले."

"ते मी पाहिलं होतं. मावशींची घाई बघून गप्प बसलो."

"मग दोघांनी मिळून हरवली, मामंजी. कुणा एकाच्या माथी नको."

"कडी बदलून साधा आकडा लावून देतो," मामंजी मावशींना म्हणाले.

"खबरदार!" मावशींनी माळेवर हात ठेवला. "किती वर्षांनी लेकीला हाक न मारता गळ्यात काही घातलंय. खोकं कुठं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा."

फोटोवाल्याने घसा साफ केला. कान नसले तरी चालतील, असे तो म्हणाला. मावशींनी त्याला गप्प बसवले. सूनबाईने दोरा मागून घेतला आणि तिथेच, खिडकीच्या उजेडात, दोन्ही कान पुन्हा भरून शिवले. शेवटची गाठ मारल्यावर तिने सुई सर्वांना दिसेल अशी वर धरली आणि मगच मामंजींनी खिशातून काढून दिलेल्या चष्म्याच्या पिशवीला टोचून त्यांच्या स्वाधीन केली. टोपी बाळाला पुन्हा आवडली नाही, आणि फोटो रडतानाचाच निघाला.

परत येताना जिन्याच्या मध्यावर सूनबाईचे पाय अचानक लटपटले. इतका वेळ ज्यांनी तिला पळवले, त्यांना आता एक पायरी उतरवेना. ती तिथेच बसली. मामंजींनी तिच्याकडे पाहिले, धोतराचा घोळ सावरला आणि सुईची पिशवी छातीशी धरून तेही तिच्या शेजारी पायरीवर टेकले. खालून पावाची उबदार वाफ वर येत होती.

पाण्याचा जार खांद्यावर घेतलेला एक माणूस वर येऊन त्यांच्यापाशी थबकला. "आजोबा, वाट अडवलीत."

"थांब बाबा जरा," मामंजी अत्यंत आदराने म्हणाले. "सूनबाईंचे पाय जाग्यावर येतायत."